खुराड्याचा इतिहास

राजवाड्यांचे आणि किल्ल्यांचे इतिहास विपुल लिहिले गेले आहेत. परंतु परसांतील खुराड्याच्या इतिहासाकडे विद्वानांचें लक्ष क्वचितच जातें. वास्तविक, कोंबड्यांचें घर थोड्या खर्चांत कसें बांधावें आणि तें टिकावें कसें, ह्या साध्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर सांपडण्यास सुमारें दोन हजार वर्षें लागलीं. आणि तें सांपडलें तें अधिक सामान वापरून नव्हे, तर कमी वापरून.

इ. स. पूर्व ३७ च्या सुमारास व्हॅरो ह्या वृद्ध रोमन पंडितानें शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यांत दोनशें कोंबड्यांसाठीं एकमेकींस लागून असलेल्या, पूर्वाभिमुख अशा दोन खोल्या त्यानें सांगितल्या आहेत. प्रत्येकीची लांबी सुमारें दहा फूट. खिडक्या मोठ्या, पण काटक्यांनीं विणलेल्या. म्हणजे उजेड भरपूर यावा, परंतु घातक प्राण्याला शिरकाव मिळूं नये. पुढच्या शतकांतील कोलुमेला ह्यानें आणखी बारकावे दिले. खुराडें स्वयंपाकघराला किंवा भट्टीला लागून असावें, कारण धूर कोंबड्यांना मानवतो. मांजर किंवा साप आंत येऊं नये म्हणून भिंतींना गुळगुळीत गिलावा असावा. बसण्याच्या दांड्या गोल न ठेवतां चौकोनी तासाव्या, नाहींतर पाय घसरतात. निरीक्षण मोठें मार्मिक आहे. परंतु हें घर जाड भिंतींचें. तें जमीनदारालाच परवडावें.

आपल्याकडे गरिबानें निराळा मार्ग काढला. बांबूचें डालगें रात्रीं कोंबड्यांवर पालथें घातलें कीं काम भागलें. कोंबडें झाकलें म्हणून तांबडें फुटायचें राहत नाहीं, ही म्हण त्याच वहिवाटीची साक्ष देते. डालगें स्वस्त खरें, आणि त्यांत हवाहि खेळती. परंतु ओल्या जमिनीपासून आणि मुंगसापासून तें पुरतें राखूं शकत नाहीं, आणि त्याखालीं मावतात त्या चारपांच कोंबड्या.

स्वस्ताई आणि सुरक्षितता ह्यांची सांगड घातली ती तारेच्या जाळीनें. इंग्लंडांतील नॉरिच हें विणकामाविषयीं प्रसिद्ध असलेलें शहर. तेथील चार्ल्स बार्नर्ड ह्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यानें १८४४ सालीं, कापडाच्या मागावरून कल्पना घेऊन, तारेची जाळी विणणारें यंत्र तयार केलें. योगायोग असा कीं, ह्याच सुमारास पूर्वेकडील थोराड जातींच्या कोंबड्यांचें वेड पश्चिमेंत पसरलें. १८४५ मध्यें लंडनला आणि १८४९ मध्यें बॉस्टनला कोंबड्यांचीं प्रदर्शनें भरलीं. जाळीमुळें पुढें सामान्य गृहस्थालाहि परसांत कुंपण घालणें शक्य झालें. तथापि ह्या पातळ जाळीचा एक दोष अनुभवानें कळला: ती कोंबडीला आंत ठेवते, पण भुकेल्या कुत्र्याला बाहेर ठेवीलच असें नाहीं.

दुसरी चूक अधिक महाग पडली. थंड देशांतील लोकांनीं, माणसाला ऊब हवी तशी कोंबडीलाहि हवी असें मानून, दुहेरी भिंतींचीं व कांचेच्या खिडक्यांचीं बंदिस्त खुराडीं उभारलीं. श्वासाची आणि विष्ठेची ओल आंत कोंडून राही. पक्षी सर्दीपडशानें आजारी पडत आणि लांकूडहि कुजे. वस्तुतः पिसांचा कोट अंगावर असलेली कोंबडी कोरडी थंडी सहज सोसते. तिला बाधते ती ओल. अमेरिकेंतील प्रिन्स वूड्स प्रभृति लेखकांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं उघड्या दर्शनी बाजूच्या खुराड्यांचा पुरस्कार केला. तीन बाजू बंद, चौथीला केवळ जाळी, आणि घर इतकें खोल कीं मागच्या दांड्यांपर्यंत वारा पोंचूं नये. एक भिंत गेली, तसा तिचा खर्चहि गेला. आणि कोरडें राहिलेलें लांकूड टिकूं लागलें.

ह्या ज्ञानाची कसोटी महायुद्धांत लागली. १९१७ सालीं अमेरिका युद्धांत उतरल्यावर तेथील शेतकी खात्यानें, घरांतील दर माणशी परसांत दोन कोंबड्या ठेवाव्या, असा प्रचार भित्तिपत्रकांनीं केला. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें दर माणशी आठवड्याला साधारण एक अंडें मिळे, आणि तेंहि नेहमीं मिळेच असें नाहीं. अंड्यांच्या शिध्यावरील हक्क सोडणाऱ्या कुटुंबाला कोंबड्यांसाठीं भरड्याचा शिधा मिळे. त्यांत बटाट्याच्या साली उकडून मिसळीत. जुन्या खोक्यांचीं आणि टाकाऊ दारांचीं खुराडीं शहरांच्या परसांतून उभीं राहिलीं. हक्क सोडलेल्या घराला खुराडें हीच अंड्यांची कोठी. एका रात्रीं कोल्हा शिरला, तर मुलांच्या तोंडचा घास गेला.

युद्धानंतर अंड्यांचा व्यापार पिंजऱ्यांच्या मोठ्या कारखान्यांकडे गेला. परंतु परसांतील चार कोंबड्यांचा नियम बदलला नाहीं. जमिनीपासून हात दीड हात उंच तळ, पावसाच्या अंगाला बंद भिंत, पुढें आलेलें उतरतें छप्पर, रुंद सपाट दांडी, आणि खालीं वीतभर पुरलेली जाड तारेची बारीक जाळी, इतकें साधलें कीं बाकी सामान जुनें चालतें. पैसा वांचवायचा तो भिंतींत. जाळींत आणि छपरांत वांचविलेला पैसा मुंगूस आणि पाऊस व्याजासकट वसूल करतात.