जाळ्याच्या भिंती आणि दारे

एखाद्या विद्यार्थ्याला निरोप द्यायचा आहे, पण तो कोणत्या वर्गात बसतो हे ठाऊक नाही. अशा वेळी शिपाई काय करतो? दारोदार जाऊन विचारतो, "अमुक मुलगा इथे आहे का?" दहा वर्गांच्या शाळेत हे चालून जाते. शंभर वर्ग असतील, तर शिकवणे बाजूलाच राहील. संगणकांच्या जाळ्यावर एकदा नेमकी हीच वेळ आली. तीतून निघालेल्या वाटेची ही हकीकत.

१९७३ साली अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटची जुळणी सुरू केली. एकच लांब तार आणि तिला जोडलेले अनेक संगणक, अशी ही रचना. एक बोलला की सर्वांना ऐकू जाई. ज्याच्यासाठी संदेश असेल तो घेई, बाकीचे सोडून देत. तारेवर नेमका संगणक कसा शोधायचा, याची रीत १९८२ साली ठरली. "हा क्रमांक कोणाचा?" असा पुकारा करायचा आणि ज्याचा असेल त्याने उत्तर द्यायचे. हा पुकारा प्रत्येक संगणकाला ऐकावाच लागतो. त्यामुळे संगणक वाढले, तसा गोंगाटही वाढला.

उपाय उघड होता. जाळ्याचे लहान लहान भाग पाडायचे आणि पुकारा भागाबाहेर जाऊ द्यायचा नाही. पण मग पत्त्यांचे काय? १९८१ साली ठरलेल्या आयपी पत्त्यात दोनच गोष्टी होत्या, जाळ्याचा क्रमांक आणि संगणकाचा क्रमांक. विद्यापीठाला जाळ्याचा क्रमांक एक आणि इमारती मात्र अनेक! १९८४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेफ्री मोगल यांनी संगणकाच्या क्रमांकातलेच काही बिट भागाच्या क्रमांकासाठी वापरावेत, असे सुचवले. पुढच्या वर्षी त्यांनी जॉन पोस्टेल यांच्यासह त्याचे प्रमाण मांडले. या भागाला सबनेट म्हणतात.

आपल्याला ही कल्पना परकी नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यातले पहिले तीन आकडे पाहून टपाल कोणत्या वर्गवारी केंद्राकडे जायचे ते ठरते आणि शेवटचे तीन आकडे टपाल कचेरी सांगतात. वाटेतल्या कोणालाही पूर्ण पत्ता वाचावा लागत नाही.

समजा, शाळेच्या कार्यालयातील संगणकांचे पत्ते १९२.१६८.१० ने आणि प्रयोगशाळेतल्यांचे १९२.१६८.२० ने सुरू होतात. पत्त्याचा किती भाग सबनेटचा धरायचा, हे मास्क नावाची संख्या सांगते. येथे तो २५५.२५५.२५५.० आहे, म्हणजे पहिल्या तीन संख्या सबनेटच्या. पाठवणारा संगणक मास्क लावून पाहतो. समोरचा आपल्याच सबनेटमधला असेल, तर पुकारा करून त्याला थेट गाठतो. नसेल, तर पॅकेट दाराशी नेऊन देतो. या दाराला डिफॉल्ट गेटवे म्हणतात आणि तेथे बसलेल्या यंत्राला राउटर.

स्टॅनफर्डमध्येच विल्यम यीगर यांनी राउटरचा एक प्रारंभीचा प्रोग्राम लिहिला होता. १९८४ साली स्थापन झालेल्या सिस्को कंपनीच्या पहिल्या राउटरमागे तेच काम होते. पण प्रत्येक पॅकेट प्रोग्रामने तपासायचे, म्हणून दारावर रांग लागे. १९९० साली कॅलिफोर्नियातील 'कल्पना' कंपनीने इथरनेट स्विच बाजारात आणला. कोणता संगणक कोणत्या खोबणीत जोडलेला आहे हे तो लक्षात ठेवी आणि संदेश तेवढ्याच तारेवर सोडी. पुकारा मात्र तोही सर्वांकडे पाठवी.

पुढे स्विचच्या आतच, प्रोग्रामने, भिंती उभारता येऊ लागल्या. अशा प्रत्येक कप्प्याला व्हीलॅन म्हणतात. त्यांचे प्रमाण १९९८ साली प्रसिद्ध झाले. पण भिंतीला दार नव्हते. शेजारच्या खोबणीतल्या संगणकाकडे जाणारे पॅकेटसुद्धा बाहेरच्या राउटरला वळसा घालून त्याच स्विचमध्ये परत येई. म्हणून १९९० च्या दशकातच मार्ग ठरवण्याचे काम स्विचच्या विद्युतमंडलात बसवले गेले.

अशा स्विचवर आज काय करावे लागते? दोन व्हीलॅन तयार करायचे आणि खोबण्या त्यांच्यात वाटून द्यायच्या. प्रत्येक व्हीलॅनसाठी स्विचलाच एक पत्ता द्यायचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.१ आणि १९२.१६८.२०.१. हीच दोन दारे. मग मार्गनिर्णय चालू करायचा आणि प्रत्येक संगणकाला त्याच्या बाजूचे दार गेटवे म्हणून सांगायचे. पण दार उघडले की ते सहसा सर्वांनाच उघडे असते! गुणपत्रके कार्यालयातच राहायची असतील, तर कोणाला आत सोडायचे याचे नियम वेगळे लिहावे लागतात.

आमच्या प्रयोगशाळेत हे सारे आम्ही नीट केले. दोन्ही सबनेट एकमेकांशी बोलू लागले, पण नव्या सबनेटमधून बाहेरच्या जगाशी संपर्क होईना. दोन दिवस आम्ही तारा तपासत बसलो. दोष तारांत नव्हताच. आमची पॅकेट बाहेर जात होती, पण नवा सबनेट स्विचच्या पलीकडे आहे, हे बाहेरच्या राउटरला कोणी सांगितलेच नव्हते. उत्तरे त्याच्यापर्यंत येत आणि तेथेच हरवत. त्याच्या मार्गसूचीत एक ओळ घातली आणि सारे सुरळीत झाले.

या चुकीत सगळ्या रचनेचे मर्म आहे. कोणत्याही राउटरला संपूर्ण मार्ग ठाऊक नसतो. तो फक्त पुढचा टप्पा सांगतो. म्हणून जाण्याची वाट आणि परतीची वाट दोन्ही स्वतंत्रपणे आखाव्या लागतात. वर्गात हे कागदाच्या चिठ्ठ्यांवर करून पाहता येईल. मुलांचे दोन गट करा, मध्ये राउटर म्हणून एक मुलगी बसवा आणि तिच्या यादीतली एक ओळ गुपचूप खोडा. चिठ्ठी कुठे अडकली, हे मुलांनाच शोधू द्या.