एका रात्रीत गेलेला संघ : बाल्टिमोरची गोष्ट

१/
२८ मार्च १९८४ ची रात्र. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराबाहेर ओविंग्ज मिल्स नावाच्या उपनगरात एका फुटबॉल संघाचे सरावकेंद्र आहे. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत आहेत. दहाच्या सुमारास घरसामान हलवणाऱ्या कंपनीचे ट्रक एकामागून एक फाटकातून आत शिरतात. शिरस्त्राणे, गणवेश, व्यायामाची साधने, कार्यालयातील कपाटे असे हाताला लागेल ते भरले जाते. उजाडेपर्यंत पंधरा ट्रक भरून निघून गेलेले असतात.

एकतीस हंगाम बाल्टिमोरचा म्हणून ओळखला गेलेला संघ सकाळी बाल्टिमोरचा उरलेला नव्हता.

२/
मित्रहो, आजचा धागा या रात्रीविषयी आहे आणि तिच्या मागेपुढे असलेल्या एका प्रश्नाविषयी. शहराच्या नावाने खेळणारा संघ नेमका कोणाचा असतो? सातबारा ज्याच्या नावावर आहे त्या मालकाचा, की ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिकिटे काढून त्याच्यासाठी घसा कोरडा केला त्यांचा?

खेळाचा चाहता या नात्याने माझे उत्तर ठरलेले आहे. पण इतिहास ते उत्तर इतक्या सहज मान्य करत नाही. कसे, ते पाहू.

३/
प्रथम शहराची ओळख. बाल्टिमोर हे मेरिलँड राज्यातील जुने बंदर, वॉशिंग्टनपासून जेमतेम साठ किलोमीटरवर. राजधानीत सत्ता आणि वकील, तर बाल्टिमोरमध्ये गोदी, जहाजबांधणी आणि स्पॅरोज पॉइंटचा अवाढव्य पोलाद कारखाना. शेजारच्या दिमाखदार शहरापुढे आपण कोणाच्या खिजगणतीत नाही, ही खंत अशा कष्टकरी शहरांच्या मनात नेहमीच असते.

१९५३ मध्ये या शहराला 'कोल्ट्स' हा व्यावसायिक संघ मिळाला. कोल्ट म्हणजे शिंगरू. या भागातील घोडदौडीच्या जुन्या परंपरेला साजेसे नाव.

४/
(येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. अंडाकृती चेंडू, हाताने फेक, अंगावर चिलखतासारखा वेश. आपल्या ओळखीचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे.)

कोल्ट्सचा नायक होता जॉनी युनायटस. पिट्सबर्गच्या संघाने त्याला १९५५ मध्ये एकही सामना न खेळवता घरी पाठवले होते. काही डॉलर मिळवण्यासाठी तो हौशी संघातून खेळत राहिला. १९५६ मध्ये बाल्टिमोरने त्याला घेतले. दुसऱ्यांनी टाकून दिलेला माणूस आणि दुसऱ्यांनी दुर्लक्षिलेले शहर यांचे सूत जमले, यात नवल नव्हते.

५/
२८ डिसेंबर १९५८. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर अजिंक्यपदाचा सामना. समोर न्यूयॉर्कचा 'जायंट्स' संघ. सामना बरोबरीत सुटला आणि लीगच्या इतिहासात प्रथमच अजिंक्यपदाचा निकाल जादा वेळेत लागला. कोल्ट्सने तो २३–१७ असा जिंकला.

कोट्यवधी अमेरिकनांनी हा सामना दूरचित्रवाणीवर पाहिला. फुटबॉल हा दूरचित्रवाणीसाठीच जन्मलेला खेळ आहे, हे त्या दिवशी व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. पुढच्या वर्षी कोल्ट्सने त्याच जायंट्सना पुन्हा हरवले.

६/
यातील विरोधाभास लक्षात घ्या. ज्या सामन्याने बाल्टिमोरला अभिमान दिला, त्याच सामन्यापासून या खेळात मोठा पैसा येऊ लागला. पैसा आला तसा संघ ही मौल्यवान मालमत्ता झाली. मालमत्तेला गिऱ्हाईक मिळते, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गावचेही असू शकते.

त्या काळातील अनेक खेळाडू हंगाम संपल्यावर शहरातच नोकरी किंवा छोटा धंदा करत. रविवारी मैदानात दिसणारा माणूस सोमवारी दुकानात भेटे. हे नाते पुढे कोणत्याही करारपत्रात लिहिले गेले नाही. म्हणूनच ते तोडताना कोणाची सही घ्यावी लागली नाही.

७/
१९७२ मध्ये एक विलक्षण व्यवहार झाला. वातानुकूलनाच्या धंद्यात पैसा मिळवलेले रॉबर्ट अर्से यांनी लॉस एंजेलिसचा 'रॅम्स' संघ विकत घेतला आणि लगेच कोल्ट्सचे मालक कॅरोल रोझेनब्लूम यांच्याशी अदलाबदल केली. त्यांचा रॅम्स, यांचा कोल्ट्स. घराच्या बदल्यात घर द्यावे तसे संघ बदलले गेले.

काही महिन्यांतच युनायटसची रवानगी सॅन डिएगोच्या संघात झाली. सतरा हंगाम शहराचा चेहरा असलेला माणूस असा बाहेर पडला. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची ही चुणूक होती.

८/
परंतु सारा दोष मालकावर टाकणे सोपे आहे, आणि अपुरेही. बाल्टिमोरचे मेमोरियल स्टेडियम जुने झाले होते. संघाला नवे मैदान हवे होते. १९७४ मध्ये मतदारांनी शहराच्या सनदेत दुरुस्ती करून नव्या स्टेडियमवर सार्वजनिक पैसा खर्च करण्यास मनाई केली.

त्यांचे काय चुकले? कारखाने आणि गोदीतील रोजगार आटत होता, शाळांना पैसा हवा होता. अशा वेळी श्रीमंत मालकासाठी करदात्यांनी खिसा का रिकामा करावा? प्रश्न रास्त होता. पण त्याची किंमत दहा वर्षांनी मोजावी लागली.

९/
दरम्यान मैदानावरची दशा वाईट होत गेली. १९८२ च्या हंगामात कोल्ट्सला एकही विजय मिळाला नाही. १९८३ मध्ये नवोदितांच्या निवडीत पहिला मान मिळालेल्या जॉन एलवेने बाल्टिमोरकडून खेळण्यास सरळ नकार दिला. तो डेन्व्हरला गेला आणि पुढे महान ठरला. प्रेक्षक रोडावले. मालक इतर शहरांशी बोलणी करू लागले.

तिकडे इंडियानापोलिस शहराने संघ नसतानाच एक भव्य छप्परबंद स्टेडियम बांधायला घेतले होते. नवरीचा पत्ता नसताना मांडव घातला होता म्हणा ना!

१०/
आता येतो कायद्याचा भाग. इतिहासप्रेमींनी येथे थांबून वाचावे.

भूसंपादन आपल्याला ठाऊक आहे. सार्वजनिक हितासाठी सरकार मोबदला देऊन खासगी जमीन सक्तीने घेऊ शकते. मग फुटबॉल संघ का नको? ऑकलंड शहराने आपला 'रेडर्स' संघ वाचवण्यासाठी हाच युक्तिवाद केला होता. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तत्त्वतः अशी शक्यता नाकारता येत नाही असे म्हटले. (पुढे ऑकलंड तो खटला हरले, ही गोष्ट वेगळी.)

११/
मेरिलँडने तोच मार्ग धरला. २७ मार्च १९८४ रोजी राज्याच्या सिनेटने बाल्टिमोरला संघ ताब्यात घेण्याचा अधिकार देणारे विधेयक संमत केले.

कायदा पुरा होण्याआधी हालचाल करणे मालकाला भाग होते. इंडियानापोलिसच्या महापौरांचे शेजारी मेफ्लॉवर या वाहतूक कंपनीचे प्रमुख होते. ट्रक तिथून आले. मेरिलँडच्या पोलिसांनी अडवू नये म्हणून ते वेगवेगळ्या रस्त्यांनी गेले. इंडियानाच्या हद्दीवर त्या राज्याचे पोलीस स्वागताला उभे होते.

१२/
२९ मार्चला मेरिलँडच्या राज्यपालांनी कायद्यावर सही केली. शहराने दावा लावला. १९८५ च्या डिसेंबरमध्ये संघीय न्यायालयाने निकाल दिला: शहराने कारवाई केली तेव्हा संघ त्याच्या हद्दीत नव्हताच. जे हद्दीत नाही, ते घेणार कसे?

काही तासांचा उशीर, आणि एक शहर हरले. न्यायाची भाषा अचूक होती. पण प्रेक्षकांच्या एकतीस वर्षांचे मोल करण्याचा रकाना तिच्यात नव्हता.

१३/
या साऱ्यात माझ्या दृष्टीने खरे नायक म्हणजे कोल्ट्सचे वाद्यवृंद पथक. १९४७ पासूनचे, हौशी नागरिकांचे पथक. संघ गेला तेव्हा त्यांचे गणवेश योगायोगाने धुलाईला गेले होते, म्हणून वाचले. पथकाने ते मिळवले आणि लपवून ठेवले.

पुढे बारा वर्षे संघ नसताना हे पथक वाजत राहिले. मिरवणुकांत वाजले, दुसऱ्या शहरांच्या सामन्यांत मध्यंतराला वाजले. नव्या स्टेडियमच्या निधीचा प्रश्न विधिमंडळापुढे आला, तेव्हा राज्याच्या राजधानीत जाऊनही वाजले. दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन यांनी २००९ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. देव नसलेल्या पालखीपुढे बारा वर्षे वाजवत राहणे याला भक्ती म्हणायचे नाही, तर कशाला?

१४/
शहरही शहाणे झाले होते. बास्केटबॉलचा 'बुलेट्स' संघ १९७३ मध्येच वॉशिंग्टनच्या दिशेने गेला होता. कोल्ट्स गेल्यावर बेसबॉलचा 'ओरिओल्स' तेवढा उरला, आणि त्याचे मालक वॉशिंग्टनचे वकील होते. सगळ्यांच्या पोटात गोळा आला.

१९८६ मध्ये राज्याने स्टेडियम प्राधिकरण स्थापन केले. लॉटरीच्या उत्पन्नातून कॅमडेन यार्ड्स हे देखणे मैदान बांधले, ते १९९२ मध्ये खुले झाले. शेजारी फुटबॉलसाठी जागा राखून ठेवली. जो पैसा १९७४ मध्ये नाकारला गेला, तो आता भीतीपोटी बाहेर आला.

१५/
तरीही १९९३ मध्ये लीगने नवे संघ दिले ते शार्लट आणि जॅक्सनव्हिल या शहरांना. बाल्टिमोर पुन्हा रिकाम्या हाताने परतले.

मग कॅनडाच्या लीगमधील एक संघ १९९४ मध्ये येथे आला. त्याने 'कोल्ट्स' हे नाव घेताच न्यायालयाने ते वापरण्यास मनाई केली. नावही इंडियानापोलिसला गेले होते. यावर प्रेक्षकांनी तोड काढली. निवेदक संघाची घोषणा करताना नावाच्या जागी क्षणभर थांबे, आणि सारे स्टेडियम गर्जे: "कोल्ट्स!" न्यायालय निवेदकाला बांधू शकत होते, हजारो कंठांना नव्हे.

१६/
आणि आता या कथेतील सर्वांत अवघड वळण. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी क्लीव्हलँडच्या 'ब्राउन्स' संघाचे मालक आर्ट मोडेल यांनी घोषणा केली: आपला संघ बाल्टिमोरला जाणार.

क्लीव्हलँड म्हणजे बाल्टिमोरचेच जुळे भावंड. तेच पोलाद, तेच बंदर, तीच निष्ठा. घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी तेथील मतदारांनी स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी दारू-सिगारेटवरील कर पुढे चालू ठेवण्यास मोठ्या बहुमताने मान्यता दिली. म्हणजे बाल्टिमोरने जे केले नव्हते, तेही त्यांनी केले. तरी संघ गेलाच. डिसेंबरमधील शेवटच्या सामन्यात प्रेक्षकांनी बसायची बाके उखडून मैदानात फेकली.

१७/
बाल्टिमोरने काय करावे? अकरा वर्षांपूर्वी आपल्याला जे भोगावे लागले, तेच दुसऱ्याला भोगायला लावून संघ घ्यावा? घेतला. अनेकांनी आनंदाने घेतला, काहींनी मान खाली घालून. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण येथे निरपराध कोणी उरत नाही. अन्याय सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही. शहरही होत नाही.

१८/
पण क्लीव्हलँडने लढून एक अपूर्व तह मिळवला. १९९६ च्या तडजोडीनुसार खेळाडू आणि करार बाल्टिमोरला गेले. नाव, रंग, विक्रम आणि सारा इतिहास मात्र क्लीव्हलँडमध्येच राहिला. १९९९ मध्ये तेथे नवा संघ उभा राहिला आणि जुने नाव लावून खेळू लागला.

संघ दोन गोष्टींचा बनलेला असतो, हे येथे प्रथमच कागदावर आले. एक मालकाची मालमत्ता, दुसरी शहराची स्मृती. दुसरी विकता येत नाही.

१९/
बाल्टिमोरच्या संघाला नवे नाव लागले 'रेव्हन्स', म्हणजे डोमकावळे. याच शहरात मरण पावलेल्या एडगर अॅलन पो यांच्या कवितेवरून. २००१ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये त्यांनी सर्वोच्च किताब जिंकला. ते वाद्यपथक आता रेव्हन्ससाठी वाजते. युनायटसने इंडियानापोलिसच्या कोल्ट्सशी आपले नाते कधीच मानले नाही. २००२ मध्ये तो गेला. त्याचा पुतळा उभा आहे तो रेव्हन्सच्या स्टेडियमबाहेर, ज्या संघासाठी तो एकदाही खेळला नाही.

२०/
याला पर्याय आहे का? आहे. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे या छोट्या गावाचा 'पॅकर्स' संघ १९२३ पासून लोकांच्या भागभांडवलावर चालतो. त्या समभागांवर लाभांश नाही, ते बाजारात विकता येत नाहीत. म्हणून तो संघ कोणी ट्रकमध्ये भरू शकत नाही. पण लीगच्या आजच्या नियमांत असा दुसरा संघ उभा करता येत नाही. आणि ज्या ऑकलंडने कायद्याची ती वाट प्रथम चोखाळली, त्याने २०१९ ते २०२४ या काळात आपले तीनही मोठे संघ गमावले.

२१/
हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे असे वाटत असेल, तर मुंबईचा 'महिंद्रा युनायटेड' आठवा. २००५–०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकलेला हा संघ २०१० मध्ये बंद करण्यात आला. पुण्याचा 'एफसी पुणे सिटी' २०१९ मध्ये संपला, आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. ट्रक नव्हते, बर्फ नव्हता. वर्तमानपत्रात बातमी आली आणि आपण पान उलटले.

२२/
म्हणून माझे मत एवढेच. मालकी हा कायद्याचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुधा चाहत्यांच्या विरुद्ध जाते. पण संघ कोणाचा होता, हे ठरवायला मागे एक साक्षीदार लागतो. बाल्टिमोरजवळ ते पथक होते. पुण्या-मुंबईच्या बंद पडलेल्या संघांची गाणी, झेंडे, तिकिटांचे तुकडे कोणी जपले आहेत?

तुमच्याजवळ असे काही असेल, तर खाली जरूर लिहा. इतिहासाची साधने अशीच गोळा होतात.