विजयदुर्गापुढची कल्पित नौका



नळगंगेच्या काठच्या माणसांना आरमाराशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. ते ओघाने येईलच.

आधी एक कल्पना करू. साल १९०४. विजयदुर्गासमोर मराठ्यांच्या चार युद्धनौका नांगर टाकून उभ्या आहेत : 'विजयदुर्ग', 'सुवर्णदुर्ग', 'सिंधुदुर्ग' आणि 'कुलाबा'. चारी एकाच आराखड्याच्या. पंधरा हजार टनांचा भार, अंगावर पोलादी चिलखत, पुढे दोन व मागे दोन बारा इंची तोफा, पोटात कोळशाच्या भट्ट्या. इंग्रजांनी १९०६ साली 'ड्रेडनॉट' पाण्यात सोडली आणि या जातीच्या नौका जुन्या ठरल्या. तोवर समुद्रावर राज्य त्यांचेच होते. चित्र मोठे देखणे. मग ते खरे का झाले नाही?

इंग्रज आले म्हणून, असे आपण चटकन म्हणतो. हे उत्तर अर्धेच आहे. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून १७२१ साली कुलाब्यावर आले होते, आणि कान्होजी आंग्र्यांनी त्यांना हात हलवीत परत धाडले होते. पुढे तुळाजी आंग्रे व नानासाहेब पेशवे यांचे बिनसले. तुळाजी पेशव्यांस जुमानीत नव्हता हे खरे. पण घरच्या भांडणात पेशव्यांनी इंग्रजांना बोलावले. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. तोफेचा पेटता गोळा एका जहाजावर पडला, आग शेजारच्या जहाजाला लागली, आणि बघता बघता आंग्र्यांचे सारे आरमार जळाले. पेशव्यांच्या फौजा जमिनीवर होत्या. किल्ला तरी मिळावा? तोही इंग्रजांनी लगेच सोडला नाही! पुढे आनंदराव धुळपांनी १७८३ साली इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडले, पण तो जुना दरारा परतला नाही.

आरमार वाचते तर आपली कल्पित नौका झाली असती काय? मला शंका आहे. सुतारांची वाण नव्हती. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१० साली सागवानाची ७४ तोफांची 'मिंडेन' बांधली. त्यांच्याच 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ साली चीनला नानकिंगचा तह करावा लागला. हात आमचे, निशाण परक्याचे. पण चिलखती नौकेला पोलाद हवे, आणि जमशेदपूरला पोलाद निघाले ते १९१२ साली. अहो, १९०५ साली त्सुशिमाला रशियाचे आरमार बुडविणाऱ्या तोगोंची 'मिकासा'सुद्धा इंग्लंडात बांधलेली. जपानने ती विकत घेतली, आपले खलाशी चढविले आणि आपल्या मर्जीने लढविली. विकत घ्यायलाही स्वतःची तिजोरी लागते. आमचे कोकणचे दर्यावर्दी तोवर परक्यांच्या बोटींवर राबत होते.

आता नळगंगेकडे येऊ. खामगाव-मलकापूरचा कापूस आगगाडीने मुंबईस जाई आणि तेथे परक्यांच्या बोटींत चढे. भाडे ठरविणारे तेच. त्या व्यापारासाठी १८९३ साली एका जपानी कंपनीने मुंबईपर्यंत आपल्या आगबोटी सुरू केल्या. ज्यांना कापूस हवा होता, त्यांनी आपल्या बोटी आणल्या. ज्यांच्या शेतात तो पिकत होता, ते मलकापूरच्या स्टेशनावर गाठी चढवून घरी परत येत होते.