आतड्याचं इंजेक्शन आणि राखेखालचा निखारा

शहापूर-मुरबाडकडे क्षयरोग कुणाला नवा नाही. पण आतड्याच्या आजारावरच्या इंजेक्शनाशी त्याचा काय संबंध? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारांत प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यांवर उलटते. जुलाब, पोटदुखी, शौचातून रक्त सुरू होतं. ही आग भडकवणारं एक प्रथिन म्हणजे टीएनएफ. त्याला अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब हे बायोलॉजिक औषध १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मंजूर झालं. स्टेरॉइडनेही बरं न वाटणाऱ्या अनेकांना त्याने आराम पडला.

मग ऑक्टोबर २००१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अहवाल आला. हे औषध घेतल्यावर क्षय झालेले ७० रुग्ण त्यात होते. त्यांतल्या ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसांनंतरच क्षय झाला होता. ४० जणांचा क्षय फुफ्फुसाबाहेरचा होता. आणि ६४ जण तर क्षय कमी असलेल्या देशांतले!

असं का झालं? क्षयाचा जंतू शरीरात शिरला की पेशी त्याच्याभोवती कडं करून त्याला कोंडतात. हे कडं टिकायला टीएनएफ लागतं. माणूस धडधाकट दिसतो, पण राखेखाली निखारा असतो. टीएनएफ अडवलं की राख उडते.

जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. त्यात २०१४ च्या अखेरीस अडॅलिम्युमॅब या अशाच औषधाची देशी आवृत्ती निघाली, आणि हे उपचार अधिक लोकांच्या आवाक्यात येऊ लागले. शिवाय आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून पुष्कळदा सारखेच दिसतात. म्हणून इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे, मँटू किंवा इग्रा चाचणी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच. सुप्त क्षय आढळला तर आधी प्रतिबंधक गोळ्या सुरू करतात.

आता आपल्याकडची खरी अडचण. आसनगावहून लोकल किंवा मुरबाडहून एसटी धरून इंजेक्शन घ्यायला तुम्ही शहरात जाता. ताप मात्र घरी येतो. गावातल्या डॉक्टरांना इंजेक्शनाबद्दल ठाऊक नसतं. खोकला नाही, बेडका स्वच्छ, मग क्षयाची शंका येणार कशी?

म्हणून इंजेक्शनाचा कागद कायम जवळ ठेवा. ताप रेंगाळला, वजन घटलं, गाठ आली किंवा पोट फुगलं, तर तो आधी डॉक्टरांपुढे ठेवा. आणि घाबरून औषध परस्पर बंद करू नका. आतड्याचा आजार उसळला तर तोही जिवावर बेततो.