नकुसा

आमच्या सातारा भागात नकुसा हे नाव कुणाला नवं नाही. नकोशीचंच ते बोलीतलं रूप. दोन-तीन मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली की तिचं नाव नकुसा ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत.

कुणी म्हणेल, मुलांचीही नावं दगडू, धोंडू, केरबा ठेवायचेच की. खरं आहे. पण फरक बघा. आधीची लेकरं दगावलेली असायची. या पोराला दृष्ट लागू नये, यमानं दगड नाहीतर केर समजून त्याला सोडून द्यावं, म्हणून ते नाव. पोरगा जगावा म्हणून दगडू, आणि पोरगी पुन्हा होऊ नये म्हणून नकुसा.

हे आपल्याकडंच आहे असंही नाही. हरियाणात अशा मुलीला भतेरी म्हणतात, म्हणजे पुष्कळ झाल्या. तुर्कस्तानात येतेर, म्हणजे पुरे. जपानात जुन्या काळी तोमे ठेवत, म्हणजे थांब. चीनमध्ये झाओदी, म्हणजे धाकट्या भावाला बोलाव. कोरियात मालजा, म्हणजे शेवटची. भाषा निराळ्या, देव निराळे, पण पाळण्यापुढचं गाऱ्हाणं एकच. कारणंही बरीचशी तीच. जमीन मुलाच्या नावावर जाणार, म्हातारपणी आधार मुलाचा, लेक परक्या घरची.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात सरकारी पुढाकारानं कार्यक्रम झाला आणि २८५ नकुसांनी नवी नावं घेतली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री. चांगलं झालं. शाळेत हजेरी घेताना रोज 'नको, नको' ऐकणं थांबलं.

माझी एक चुलती नकुसाच होती. खुरपायला बसली की तिची पात सगळ्यांच्या पुढं. मी तिला विचारलं, "काकी, तू न्हाई बदललंस नाव?" ती म्हणाली, "आरं लेकरा, सगळ्या कागदांवर हेच हाय. आता कुठं कुठं सांगत फिरू?"

सगळ्या कागदांवर म्हणाली खरी, पण माहेरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. हक्कसोडीच्या कागदावर तेवढं होतं, अंगठ्याच्या शेजारी. भावांनी साडीचोळी केली होती.

म्हणून आमच्या गावात लेकीचं बारसं असलं की मी बापाला बाजूला घेऊन सांगतो, नाव चांगलं ठेवलंस बाबा, आता तेच वेळ आल्यावर सातबाऱ्यावरही लागू दे.