मूळ स्वरूपांतील मोटार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळें, घाट आणि बारवा यांच्या संबंधांत योजण्याची रूढि आहे. मोटारगाडीच्या बाबतींत तो योजिला तर वाचकांस हसूं येईल, हें आम्ही जाणतों. परंतु यवतमाळ येथील आमच्या घराच्या मागल्या पडवींत वीस वर्षें उभी असलेली १९६६ सालची एक फियाट गेल्या दोन हिंवाळ्यांत आम्ही घरींच खोलली व पुन्हां जोडली, आणि त्या उद्योगांत जो प्रश्न पदोपदीं आडवा आला तो देवळाच्याच जीर्णोद्धाराचा होता. मागाहून झालेली डागडुजी काढून टाकावयाची, कीं तीहि इतिहासाचा भाग म्हणून ठेवावयाची?

सरकारच्या मतें याचें उत्तर सोपें आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्रीय मोटारवाहन नियमांत जी दुरुस्ती झाली तिच्या अन्वयें ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली, आणि जिच्या चासीस, कवचांत वा इंजिनांत मोठा फेरबदल झालेला नाहीं अशी खाजगी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ ही अक्षरें असलेला निराळा क्रमांक मिळतो; मग ती प्रदर्शनास किंवा रॅलीस न्यावी, रोजच्या कामास नव्हे. नियम वाजवी आहे. मात्र ‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय हें ठरविण्यापूर्वीं या गाडीचा जन्मवृत्तांत पाहिला पाहिजे.

आपल्या देशांत मोटारी प्रथम तयारच येत, पुढें सुट्या भागांच्या पेट्या येऊं लागल्या. जनरल मोटर्सनें १९२८ मध्यें मुंबईस जोडणीचा कारखाना काढला. मोटार येथेंच बनावी असा ध्यास घेतला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं. १९४४ मध्यें त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या साहाय्यानें १९४७ मध्यें कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. १९५३ मध्यें टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनें धोरण ठरविलें कीं, सुटे भाग क्रमाक्रमानें येथेंच बनविण्याची ज्यांची योजना असेल त्यांनींच धंदा करावा. नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनीं तेव्हां गाशा गुंडाळला. त्याच वर्षीं वालचंद निवर्तले. त्याच वर्षीं इटलींत निघालेली फियाट ११०० ही गाडी १९५४ मध्यें कुर्ल्यास बनूं लागली. ती पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

त्या पहिल्या घाटाच्या गाडीस मुंबईकरांनीं ‘डुक्कर फियाट’ हें नांव दिलें, आणि तें इतकें चपखल बसलें कीं आज तिचे भक्तहि तेंच वापरतात. १९६४ पासून आमच्या गाडीच्या घाटाची ‘११०० डी’ आली. पुढें १९७४ मध्यें तिचेंच नांव ‘पद्मिनी’ झालें; आणि मुंबईच्या रस्त्यांवरची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. म्हणजे बाहेरून फारशी न बदलतां ही गाडी दशकानुदशकें निघत राहिली, पण आंत मात्र सरकारी धोरणानुसार परदेशी भाग कमी व देशी भाग अधिक होत गेले. मूळ स्वरूप त्यांतलें कोणतें?

शिवाय त्या काळीं परकीय चलनाचा तुटवडा होता, आयातीवर निर्बंध होते, आणि नवी गाडी मिळण्यास वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. हाताशीं असलेली गाडी चालती ठेवणें हा मग छंद नव्हता, गरज होती. यवतमाळसारख्या ठिकाणीं तर ती दुप्पट. मुंबईचा बाजार लांब, आणि मुख्य रेल्वेमार्ग धामणगांवास. ज्या गांवची अरुंदमापी ‘शकुंतला’ १९२१ सालीं मँचेस्टरमध्यें बनलेल्या वाफेच्या इंजिनानें १९९४ पर्यंत ओढिली, त्या गांवांत यंत्र टाकून देण्याची कल्पना रुजलीच नाहीं. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांमुळें येथें फिटर होते, लेथ होते, आणि नसलेला भाग घडविण्याची उमेद होती.

ही उमेद आम्हांस प्रथम भेटली ती गाडीच्या मागल्या बाजूस. या फियाटच्या पुढल्या प्रत्येक चाकास वेटोळ्याची स्वतंत्र स्प्रिंग आहे, आणि मागला आंस मात्र बैलगाडीच्या वंशाला शोभेल अशा पाट्यांच्या कमानींवर बसलेला आहे. (पुढली स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराशिवाय घरीं कोणीं काढूं नये. ती दाबलेली असते, आणि निसटली तर हात मोडते.) डाव्या कमानींतला एक पाटा बाकीच्यांहून जाड निघाला. कोणत्या तरी जड गाडीचा पाटा कापून, टोकें घांसून तो बसविला होता. गाडी पूर्वीं खताचीं पोतीं घेऊन शेतावर जाई, हें लक्षांत घेतां त्यांत नवल नव्हतें. ज्या वृद्ध मिस्त्रींस सल्ल्यासाठीं बोलाविलें होतें त्यांनीं तो पाटा उलटापालटा करून पाहिला. म्हणाले, “हा म्याच टाकला होता, भाऊ. तवा दुसरा भेटे कुठी?”

आम्ही पेंचांत पडलों. तो पाटा ठेवावा तर गाडी एका अंगास उचलली जाते व खड्ड्यांत मागचें चाक उसळी घेतें. काढावा तर १९७० च्या सुमाराच्या यवतमाळची एक साक्ष नाहींशी होते. शेवटीं मोजमाप घेऊन, छायाचित्र काढून तो काढला, आणि दोन्ही कमानी सारख्या मापाच्या पाट्यांनीं भरल्या. पुढल्या किंगपिनचे बुश मात्र गांवच्या लेथवर केलेले होते. ते सुस्थितींत निघाले. ग्रीस भरून जसेच्या तसे ठेवले.

ब्रेकपाशीं आलों तेव्हां आमचा इतिहासप्रेमाचा आग्रह गळून पडला. पायाखालचा दट्ट्या मास्टर सिलिंडरमधील तेल ढकलतो, तें नळ्यांतून चारी चाकांच्या लहान सिलिंडरांत जातें, आणि तेथील रबरी वाट्या ब्रेक-शूंस ड्रमवर दाबतात. पुढच्या काळांतल्या गाड्यांप्रमाणें येथें दोन निराळे मार्ग नाहींत. एक वाटी फुटली कीं चारी चाकें निराधार. आमच्या गाडींतील वाट्या फुगून बोळ्यासारख्या झाल्या होत्या. ब्रेकच्या तेलाऐवजीं कोणी तरी इंजिनाच्या जातीचें खनिज तेल ओतलें होतें, आणि त्यानें हें रबर फुगतेंच. ओतणारा बहुधा आमच्याच घरांतला असावा. खरें तेलहि हवेंतला ओलावा शोषितें व आंतून गंज चढवितें, म्हणून सिलिंडर, नळ्या, वाट्या, लायनिंग असें सारें नवें घातलें. जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ फुंकून उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. जुन्या भागांपैकीं एकहि ठेवला नाहीं, आणि त्याची खंतहि नाहीं.

इंजिन उघडणें हें जुनी रोजनिशी वाचण्यासारखें होतें. १०८९ घनसेंटिमीटरचें हें चार सिलिंडरचें इंजिन. मूळ छिद्राचा व्यास ६८ मिलिमीटर. आमच्या पिस्टनांवर ०.६ मिलिमीटर अधिक मापाची खूण होती. म्हणजे छिद्र एकदां तरी, बहुधा दोनदां, वाढविलें गेलें. त्याला नियमांतला ‘फेरबदल’ म्हणावें काय? आमच्या मतें नाहीं. झीज भरून काढणें ही दुरुस्तीच होय, आणि ती गाडी ज्यांनीं बनविली त्यांनींच वाढीव मापाचे पिस्टन त्यासाठीं योजिले होते. बराच काळ उभ्या गाडीस एकाएकीं किल्ली लावणें हा सर्वांत महाग मोह. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें तेल सोडून आठवडाभर थांबलों, मग हातानें इंजिन फिरविलें. ॲल्युमिनियमचें हेड वांकलेलें होतें, तें सपाट करून घेतलें. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र नव्या जातीच्या घातल्या, कारण आतांच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें आणि जुन्या रबरास तें मानवत नाहीं.

गेल्या माघांत गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशीं ती पडवीपासून फाटकापर्यंतच नेली, आणि आठ वेळां थांबवून पाहिली. नव्या क्रमांकाचा अर्ज भरतांना ‘मूळ स्वरूप’ या शब्दांपाशीं लेखणी क्षणभर अडली, परंतु सही केली.

काढलेला पाटा पडवीच्या खांबास टांगला आहे. मिस्त्री परवां आले, तेव्हां त्यांनीं तो खालीं घेतला, दगडावर हळूच आपटून आवाज ऐकला, आणि म्हणाले, “अजून पाणी हाये याच्यात.”