पूररेषा व घराचा विमा (कोल्हापूर-सांगली परिसर)

पूररेषा म्हणजे नदीला ठरावीक मोठा पूर आल्यास पाणी कुठपर्यंत पसरेल, हे दाखवणारी नकाशावरील रेषा. महाराष्ट्रात तिची आखणी जलसंपदा विभाग करतो. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची रेषा निळी असते, तर १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा ‘निषिद्ध क्षेत्र’ आणि निळ्या-लाल रेषांमधला पट्टा ‘नियंत्रित क्षेत्र’ मानला जातो. पहिल्यात नव्या घराला जागा नाही. दुसऱ्यात अटींवर परवानगी मिळते आणि त्यांत जोत्याच्या उंचीची अट सर्वांत महत्त्वाची असते.

‘१०० वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मोठा घोटाळा केला आहे. एकदा महापूर येऊन गेला की पुढची पिढी सुटली, असा त्याचा अर्थ घेतला जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि अवघ्या दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, तिने तीही पातळी ओलांडली. लाल रेषेइतका पूर दरवर्षी एक टक्का शक्यतेने येऊ शकतो, एवढाच त्या शब्दांचा अर्थ आहे. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ही शक्यता सुमारे १८ टक्के होते. निळ्या रेषेवरच्या घराला त्याच मुदतीत पाणी लागण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के, म्हणजे न लागण्यापेक्षा जास्त.

या भागात पूर फुटांत मोजतात. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हेच आकडे ४० आणि ४५ आहेत, आणि २०१९ मध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. मात्र हे आकडे नदीचे आहेत, घराचे नाहीत. आपल्या उंबऱ्याला पाणी कितव्या फुटाला लागते, हा आकडा प्रत्येक घरमालकाने स्वतः काढून ठेवायला हवा. भिंतीवर राहिलेला जुन्या पुराचा डाग, शेजारच्या वयस्कर माणसाची आठवण आणि त्या दिवशीची बंधाऱ्यावरची पातळी ताडून पाहिली की तो मिळतो. घर विकत घेताना सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड पाहतो, तितक्याच काळजीने हेही विचारावे.

नदीपासून लांब असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. कोल्हापुरात जयंती नाला पंचगंगेला मिळतो. नदी चढली की नाल्याचे पाणी पुढे सरकत नाही, त्याला फुगवटा येतो, आणि व्हीनस कॉर्नर-शाहूपुरी भागात पाणी नाल्याच्या वाटेने मागून शिरते. शिरोळ तालुक्याचे दुखणे याच जातीचे, पण मोठे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचे पाणी दिवसेंदिवस उतरत नाही. मातीच्या भिंती ढासळतात त्या बहुतेक अशा तुंबून राहिलेल्या पाण्यात. म्हणून राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी ऐकताना कृष्णेची पातळीही पाहावी लागते.

पूर ओसरल्यावर मिळणारी सरकारी मदत सावरण्यापुरती असते, घर उभे करण्यापुरती नाही. २०१९ मध्ये सानुग्रह अनुदान ग्रामीण कुटुंबाला १०,००० आणि शहरी कुटुंबाला १५,००० रुपये होते. भिजलेला फ्रिज आणि गाद्या बदलतानाच ते संपते. उरलेली भरपाई विम्यातून यावी लागते.

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. आगीबरोबर भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणे आणि भूस्खलन यांचे संरक्षण तिच्यात मुळातच आहे, पुरासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागत नाही. कुंपणभिंत आणि पाण्याची टाकीही इमारतीत धरली जाते. विम्याची रक्कम बाजारभावावर ठरत नाही, कारण बाजारभावात जमिनीची किंमत असते आणि जमीन वाहून जात नाही. चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर, असा हिशेब आहे. हजार चौरस फुटांना दोन हजारांचा दर धरला तर वीस लाख. सामानाचेही संरक्षण घेतले असेल, तर यादी न देता इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, एवढे सामान आपोआप धरले जाते. दागिन्यांसाठी वेगळे कलम घ्यावे लागते, आणि गाडीचे नुकसान गाडीच्या विम्यातच येते.

पूर्वीच्या पॉलिसींत एक कलम फार बोचायचे. वीस लाखांच्या घराचा दहा लाखांचाच विमा असेल, तर चार लाखांच्या नुकसानीला दोनच लाख मिळत. भारत गृह रक्षामध्ये ही कपात काढून टाकली आहे. घरमालकाच्या बाजूने झालेला हा सर्वांत मोठा बदल म्हणावा लागेल. मात्र चटईक्षेत्र आणि बांधकामाचा प्रकार खरा सांगितलेला असला पाहिजे. माती-विटांच्या जुन्या घराला सिमेंटचे म्हणून नोंदवले, तर दावा तिथेच अडकतो.

बँकेने कर्जाबरोबर काढून दिलेल्या विम्यावर विसंबलेली घरे पुष्कळ आहेत. तो बहुधा कर्जाच्या रकमेपुरता आणि इमारतीपुरता असतो, सामान त्यात नसते. सोसायटीच्या एकत्रित विम्याचेही तेच. तळमजल्यावर राहणाऱ्याने हे कागद पावसाळ्याआधी काढून वाचावेत. पाणी चढू लागल्यावर विमा काढायला गेले तर उशीर झालेला असतो.

पाणी उतरल्यावर पहिली ओढ गाळ काढून घर धुण्याची असते, आणि ती समजण्यासारखी आहे. तरी त्याआधी प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो घ्यावेत, विमा कंपनीला लगेच कळवावे, आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत खराब सामान फेकू नये. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. तो झाला म्हणून सर्व्हेअरची पाहणी टळत नाही, पण त्याची प्रत दाव्याला जोडता येते. भिंत रंगवण्याआधी डागाची जमिनीपासूनची उंची आणि त्या दिवशीचे बंधाऱ्यावरचे फूट वहीत लिहून ठेवावेत.